डाव्या कुशीवर पडले ते

प्रिय छकुले,

विमानतळावर बसून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे, डाव्या कोपराला पट्टी आहे आणि कागद दाबून धरायला तोच हात लागतो. पहिल्याच ओळीत सांगायचं ठरवलं होतं ते आता सांगते : आज सकाळी मी सायकलवरून पडले. घाबरू नकोस. हाड मोडलेलं नाही. निघताना दारात तू म्हणाली होतीस ना, “माझा माल सांभाळून आण गं ताई,” आणि तुझ्या भावोजींना हसावं की रागवावं ते कळेना, तो माल जागेवर आहे. पुढच्या सोमवारी ती किडनी माझ्यातून काढून तुझ्यात बसवायची आहे, आणि मी बाई शहाणपणा करून आठ दिवस एकटी सायकल फिरवत बसले. हे म्हणत असशील तर म्हण. वाटेत मी स्वतःला त्याहून वाईट म्हणून झालंय.

आज फक्त बावीस किलोमीटर उरले होते. पहाटे उठून आंघोळ केली, स्तोत्र म्हटलं, पिशवीतली देवाची तसबीर पुसून परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. जिथे उतरले होते तिथल्या मालकीणबाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, आज घरी का, चेहऱ्यावर दिसतंय. काय दिसलं त्यांना कोण जाणे. नदीकाठचा रस्ता सरळ आहे, आठ दिवसांत त्याची सवयही झाली होती. पूल उतरला की छोटासा उतार, तिथे कुणाच्या तरी बांधकामाची वाळू सांडलेली. मला ती दिसली होती गं. ब्रेकही लावला. पण पुढचा लावला, मागचा नाही. पुढचं चाक सरकलं आणि मी धाडकन डाव्या कुशीवर. डाव्याच. डॉक्टरांना जी घ्यायची आहे तीच बाजू.

रस्त्यावर बसून सगळ्यात आधी मी काय केलं असेल? गुडघा पाहिला नाही, कोपरातून रक्त येत होतं ते पाहिलं नाही. बरगडीखाली बोटं खुपसून दाबत बसले. इथे दुखतंय का, इथे? बाजूच्या रोपवाटिकेतला माळी धावत आला, त्याला वाटलं पोटात दुखतंय. “काकू, या वयात कशाला हे?” मी म्हटलं, या वयातच वेळ मिळतो बाबा, त्याच्या आधी कुणी देतं का? तो हसला, पण त्याने रोपांच्या छोट्या गाडीत कुंड्या सरकवून मला आणि सायकलला बसवलं. वाटभर मी जप करत होते आणि माळ सारखी चुकत होते.

दवाखान्यातली डॉक्टरीण आपल्या भाचीच्या वयाची. कोपर धुताना गप्पा मारत होती. मी सोमवारचं सांगितलं तशी तिने हातमोजे काढले, पुन्हा नवे घातले आणि मला झोपवून पहिल्यापासून तपासलं. लघवी तपासली, मग शेजारच्या खोलीत नेऊन सोनोग्राफी केली. तो गार जेल पोटावर लावतात ना, तो. पडद्याकडे बघत ती म्हणाली, छान आहेत दोन्ही, कुठे मार नाही, फक्त वरचे स्नायू दुखतील. घरी गेलात की तुमच्या डॉक्टरांना हे दाखवा म्हणजे झालं. मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझा हात हातात घेतला. “बहिणीची इतकी काळजी वाटते तुम्हाला.” रिपोर्टचा कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, पिशवीवर विश्वास नव्हता.

तिथून सायकलच्या दुकानात. पहिल्या दिवशी सायकलचा रिकामा खोका त्या दुकानदाराकडे ठेवला होता, बिचाऱ्याने तो पोटमाळ्यावर जपून ठेवलेला. सायकल विमानात न्यायची म्हणजे तिचं पार प्रेत करावं लागतं, हँडल वळवा, पुढचं चाक काढा, पेडल काढा. वेळ जात होता, दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, म्हणून मीच पाना घेऊन बसले. उजवं पेडल निघालं. डावं हलेना. घामाघूम झाले, कूस ठणकायला लागली, आता विमान चुकणार असं मनात पक्कं झालं. दुकानदार आला आणि कपाळावर हात मारला. “ताई, डावं उलटं फिरतं! दहा मिनिटं तुम्ही ते आवळताय.” मग त्याने पान्याला पाइप लावून ते सोडवलं. शेवटी चाकातली हवा सोडायला सांगितली, ती मात्र मी स्वतः सोडली. फुस्स करून गेली. आठ दिवस त्याच हवेवर चालले होते, तेव्हा जरा वाईट वाटलं.

खोका काउंटरवर गेला, वजनात बसला. त्यानंतर मी तीनदा बाथरूमला जाऊन आले. दर वेळी रंग बघते. डॉक्टरीण नक्की म्हणाली तरी बघतेच.

तुला आठवतं का, तू पाचवीत होतीस आणि आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा मी तुला शाळेत कॅरिअरवर बसवून न्यायची. तू माझ्या पाठीला गाल लावून पाढे म्हणायचीस आणि तेराच्या पाढ्याला गप्प व्हायचीस. मला मागे वळून बघता यायचं नाही, पण तू गप्प झालीस की मला कळायचं, अडली. गेले सहा महिने आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असतेस आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसते, तेव्हाही तू तशीच गप्प होतेस. तू एकदाही माझ्याकडे मागितली नाहीस. मीच म्हटलं, माझी घ्या. सगळ्यांसमोर म्हटलं. सगळे रडले, तुझ्या भावोजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा. तपासण्या जुळल्या. मग माघारी फिरायला जागाच राहिली नाही, आणि मला जागा हवी होती हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

आता जे लिहितेय ते वाचताना बसून वाच. मी घरी सगळ्यांना सांगितलं की ऑपरेशननंतर तीन महिने सायकल नाही, म्हणून आधी एकदा मन भरून चालवून घेते. ते खरंच होतं, पण अर्धं. तुझ्या भावोजींनी माझं तिकीट बघितलं असतं तर त्यांना उरलेलं अर्धं कळलं असतं. मी, जी भाजीवाल्याकडून दोन मिरच्या जास्त घेतल्याशिवाय हलत नाही, तिने तारीख बदलता येण्यासाठी ज्यादा पैसे भरले होते. सहाव्या दिवशी विमान कंपनीला फोनही लावला. अकरा मिनिटं ती सनई की काय ती वाजत राहिली. मग एक मुलगी आली, म्हणाली, बोला मॅडम, काय मदत करू? आणि मी विचारलं, सायकलच्या खोक्याला किती किलो चालतात?

भीती कशाची, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. दुखण्याची नाही, दोन बाळंतपणं झालीत. भीती त्या भूल देण्याची. इतकी वर्षं झोपताना नाम घेतल्याशिवाय डोळा मिटला नाही. तिथे मला नाम अर्धवट सोडून झोपवतील, आणि परत उठवलं नाही तर मी कुणाचंही नाव न घेता गेलेली असेन. तू हसशील. हस. पण ह्या आठ दिवसांत आणखी एक भीती सापडली, तिची मला जास्त लाज वाटते. मी फार सुखात होते गं. सकाळी कुणाचा डबा नाही, कुणाची गोळी नाही, नदी आणि मी. हे शरीर छान चालतंय आणि ते माझं आहे, असं पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा वाटलं. त्यातला तुकडा द्यायचा नाही असं वाटलं. तुलाही.

आणि शेवटचं. तपासण्या झाल्या तेव्हा हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाईंनी मला एकटीला आत बोलावलं होतं, तू विचारलंस तेव्हा मी “फॉर्म भरायचा होता” म्हटलं. त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही अगदी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नाही म्हणू शकता. घरच्यांना आम्ही इतकंच सांगू की वैद्यकीयदृष्ट्या तुम्ही योग्य ठरला नाहीत. खरं कारण कुणालाही कळणार नाही, तुमच्या बहिणीलाही नाही. चांगल्या मनाने सांगितलं त्यांनी. पण तेव्हापासून ते सुटकेचं दार माझ्याबरोबर आहे. देवापुढे बसले की आठवतं, चढावर आठवतं. आज वाळूत पडल्यावर वाटलं, आता तर खोटंही बोलावं लागणार नाही. म्हणून डॉक्टरणीला तीनदा विचारलं. ती दोन्ही छान म्हणाली आणि छकुले, क्षणभर माझं तोंड उतरलं. तिला ती काळजी वाटली. तू मला लहानपणापासून ओळखतेस, तू तिथे असतीस तर तुला कळलं असतं.

म्हणून हे लिहिलं. हे तुला सांगितलं नाही तर सोमवारपर्यंत ते दार उघडंच राहील, आणि माझा माझ्यावर भरवसा नाही. आता ते तुलाही ठाऊक झालं. ह्याच्यानंतर कुणी तुला येऊन सांगितलं की ताई योग्य ठरली नाही, तर मान डोलावून घरी जाऊ नकोस. माझ्या समोर येऊन उभी राहा आणि विचार. तुझ्या तोंडावर मला खोटं बोलता येणार नाही. आणि हे वाचून मोठेपणाने “राहू दे ताई” असं म्हणू नकोस, मी ते ऐकेन अशी मला भीती आहे. राग आला तर ये, भांड. पत्र हातात द्यायचं म्हटलं तर उतरेपर्यंत मी ते फाडून टाकीन, म्हणून आत्ताच पानांचे फोटो काढून पाठवतेय. सगळ्यात शेवटी दवाखान्याचा कागद आहे, त्याचाही फोटो पाठवते, तो तू तुझ्याकडे ठेव. त्यावर आजची तारीख आहे आणि दोन्ही ठीक असं लिहिलंय. रांग लागलीय. तुला सगळी पानं पोचली असं दिसलं की मी उठते.

तुझीच, निघालेली,
ताई