रेवतीचा हक्क हर्षालीला

मी, अंबाबाई सावळेराम पोटे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पिंपरी पेंढार, ता. जुन्नर, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या विचाराने लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. मनावर कुणाचा दाब नाही. आनंद मात्र इतका आहे की लिहिणं लांबतंय, ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं. मागच्या वर्षी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

१. राहतं घर, विहिरीकडची वीस गुंठे जमीन आणि बँकेतली ठेव माझा मुलगा आदेश याला. यावर कुणाचाच वाद नाही.

२. ‘कुकडीकाठची रेवती’ ही माझी कादंबरी १९८१ साली छापून आली. रेवतीचा नवरा डोंगरात मोजणीच्या कामाला जातो, त्याची पत्रं बंद होतात, ती अकरा वर्षं थांबते. तो येतो आणि ती काहीही न विचारता दार उघडते. त्या दारापाशी बायका रडल्या आणि सात आवृत्त्या निघाल्या. आता सांगायला हरकत नाही, रेवती म्हणजे मीच. माझे मालक आहुप्याकडे मोजणीवर होते. खऱ्यात चारच वर्षं होती, पण कादंबरीला चार कमी पडली असती.

तीच गोष्ट माझी नात, आदेशची मुलगी हर्षाली, हिने आजच्या काळात लिहिली. तिची रेवती नारायणगावात टोमॅटोचं पॅकिंग शेड चालवते. नवरा आहुप्याहून रोज फोनवर बोलतो, पण येत नाही.

मी म्हणाले, “रोज बोलतो, मग विरह कुठाय यात?”

“आजी, रोज बोलतो आणि तरी येत नाही. याहून मोठा विरह कुठला?”

मला पटलं नाही. आदेश म्हणाला, “सगळ्या गावाला ठाऊक हाय रेवती कोण ते. घरातलं चव्हाट्यावर कशाला?” मी तिच्या प्रकाशकाला परवानगी नाकारल्याचं पत्र पाठवलं. मृत्युपत्रातही लिहिलं की माझ्या पश्चात रेवतीला कुणी हात लावू नये. पोरगी भांडली नाही. कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाली, “वाच, मग नाही म्हण.” आठ महिने मी तो उघडला नाही.

ऑगस्टमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वाचायला बंदी आली. माझी जुनी वाचक आणि मैत्रीण धापूबाई नारायणगावहून दुपारच्या जीपने येऊन मला वाचून दाखवू लागली. एक दिवस तिने मला न विचारता तोच गठ्ठा काढला. नवव्या प्रकरणात रेवती शेड बंद करून घोडेगावमार्गे आहुप्याला जाते, नवऱ्याला भरल्या ताटावर गाठते आणि विचारते, “का नाही आलास?”

“परत वाचा,” मी म्हणाले.

“बाई, तीनदा वाचलं.”

“अजून एकदा.”

मालक परत आल्यावर आम्ही अडतीस वर्षं संसार केला. ते २०१४ साली गेले. हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नाही.

संध्याकाळी हर्षालीला फोन लावला. “नववं प्रकरण कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. तुझी रेवती दार उघडते तिथे मला दर वेळी वाटायचं, ही विचारत का नाही?”

“मग तो काय म्हणतो?”

“पुढे वाच की, आजी.”

त्याचं उत्तर मी इथे लिहीत नाही. येत्या रविवारी नारायणगावात पुस्तक प्रसिद्ध होतंय, ते विकत घ्यावं. परवानगीचं पत्र मी फोन केला त्याच आठवड्यात पाठवलं. माझ्या पश्चात कादंबरीचे सर्व हक्क हर्षालीला. पुढे कुणाला रेवती नव्याने लिहायची असली तर तिने अडवू नये. अट एकच: कुणाला अक्कल शिकवण्यासाठी रेवतीला राबवू नये.

३. वाचकांच्या पत्रांची लोखंडी ट्रंक हर्षालीला. यातली बहुतेक पत्रं बहिरू पोस्टमननेच आणून दिली आहेत. डोळे सुधारल्यावर मी ती पुन्हा काढली. निम्म्या बायकांनी शेवट बदलून पाठवला होता. एकीने दार उघडलंच नव्हतं, एकीने रेवतीला नर्स केलं होतं. तेव्हा मी हसून बाजूला ठेवली आणि त्याच कामासाठी नातीला अडवलं. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे.

४. मी पुन्हा लिहायला घेतलं आहे. माझी रेवती आता सत्तरीची आहे आणि तिला बरंच विचारायचं आहे. रोज चार पानं होतात, पहाटे जाग येते ती त्याच्याच ओढीने. अपुरं राहिलं तर हर्षालीने पुरं करावं, मला न आवडेल असं केलं तरी चालेल.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आदेशने करावी. बाळा, तू लेकीचं पुस्तक अजून वाचलेलं नाहीस. तुझ्या वडिलांची निंदा त्यात नाही. रविवारी पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवली आहे.

ठिकाण: पिंपरी पेंढार
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

सही: अंबाबाई सावळेराम पोटे

साक्षीदार १: बहिरू लक्ष्मण दुधवडे, निवृत्त पोस्टमन. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: धापूबाई पुखराज ओसवाल, नारायणगाव. बाईंनी पूर्ण शुद्धीत माझ्यासमोर सही केली. नवी रेवती मी दोनदा वाचली, आवडली. पण न विचारता दार उघडते तीच माझी, आणि हे इथे लिहू दिल्यावरच मी सही केली आहे.