माईंचं ताट

कोल्हार, मार्च १९७२

प्रिय राधाकृष्ण,

फाडायचं तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. काल केडगावच्या बैठकीत सगळ्या डॉक्टरांसमोर तू माझ्यावर ओरडलास. भाकरी-साखर तोडून मधुमेह आवरायचं आपलं खूळ तुझ्या आईच्या पायावर आलं म्हणे, आणि रविवारी आपलं मधुमेह मंडळ मोडायचा ठराव तूच मांडणार! मला रडू नाही, संताप आला. अरे, साखर कारखान्यांच्या मुलखात लोकांचे टोमणे खात एकेक डॉक्टर आपण दोघांनीच गोळा केला ना?

पण माईंच्या पायाची जखम चिघळतेय हे खरं. म्हणून आज सकाळच्या एसटीने पुणतांब्याला गेले. तू दवाखान्यात होतास, बरंच झालं. माईंची लघवी तपासली तर नळीतलं औषध विटेसारखं लाल, म्हणजे साखर भरपूर. भाकरी नाही, भात नाही, गूळ नाही, मग साखर येते कुठून? माझं डोकंच चालेना.

मग माईंनी मला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या ताटातलं वाढलं. शाबूची खिचडी, भगर, रताळ्याचा कीस, वर केळी. म्हणाल्या, "धान्याला शिवले न्हाई गं पोरी. राधानं धान्य सोड म्हनलं, तवापासून रोज उपास हाय." कपाळ माझं! शाबू, भगर, रताळं, पोटात गेलं की सगळी साखरच. आपण छापील कागदावर 'धान्य बंद' लिहिलं, आणि आपल्या घरांत त्याचा अर्थ काय होतो हे एकाही डॉक्टरच्या ध्यानात आलं नाही. आणि तू? रोज त्याच घरात जेवतोस, त्यांचं ताट कधी पाहिलंस?

मी समजावलं, रागावले, पायाही पडले. त्या ऐकेनात. हे व्रत आहे, मधेच मोडायचं नसतं म्हणे. कशासाठी ते सांगितलं, पण तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली. ती मोडायलाच हे पत्र आमच्या छगन कंपाउंडरच्या हाती धाडतेय. राधाकृष्ण, तुझं मंडळ पक्कं उभं राहावं म्हणून त्या उपास करतायत. रविवारी ते मोडलंस, तर त्या आणखी कडक उपास धरतील आणि पाय हातचा जाईल. मला फार भीती वाटतेय. आज रात्रीच्या फराळाआधी त्यांच्यासमोर बस. मंडळ पक्कं उभं राहिलं म्हणून सांग आणि मेथीच्या भाजीचा घास भरवून उपास सोडव. खोटं बोलवत नसेल, तर रविवारी तो ठराव मांडू नकोस, ते खरं कर.

तुझीच, अजून रागातली,
पुष्पावती