मागचे केस

ताई,

नमस्कार लिहीत नाही, अजून रागावलेय.

पार्लरमध्ये कामाला घेताना तू माझी सही घेतलीस, की सोडून गेले तर दोन वर्षं या गावात कुणाच्या केसांना कात्री लावणार नाही. सख्ख्या बहिणीची सही. आज तो कागद वकीलबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "नोकरीत होतात तोवर ठीक. सोडल्यावर पोट भरू नका, हे बंधन कोर्टात टिकायचं नाही. गिऱ्हाइकांचे नंबर पळवले असतेत, तर गोष्ट वेगळी."

म्हटलं, एकच नंबर आणलाय, बहिणीचा. ती उचलत नाही.

म्हणजे मी मोकळी. घरी येऊन खुर्ची मांडली, आरसा पुसला, कात्रीला तेल दिलं. बसायला कुणी नव्हतं, म्हणून मीच बसले. पुढचे केस जमले. मागचे आपले आपल्याला कापता येत नाहीत. ते कायम तूच कापायचीस, डोक्यात टपली मारून, "मान खाली, टवळे" म्हणत.

परवा भाजीच्या दुकानात तू पाठमोरी दिसलीस. तुझी डावी बाजू बोटभर लांब राहिलीय. कुणाकडून कापून घेतलेस?

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर म्हणशील, धाकटी नमली. वकीलबाई म्हणाल्या, "बिनधास्त दुकान उघडा, त्या काहीच करणार नाहीत." त्यांना कसं सांगू, मी केव्हाची वाट बघतेय, तू काहीतरी करशील म्हणून.

अजून मान खाली घालून बसलेली,
तुझी टवळी