अधिकारी कोणाला म्हणायचं

प्रिय ड्वेन,

तुझा पत्ता पास्टरबाईंकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी तीन रविवार त्यांच्या मागे लागले होते. दीड वर्ष तू बोलला नाहीस आणि मीही फोन उचलून पुन्हा ठेवत राहिले. लहानपणी आपला अबोला जेवणापर्यंत टिकायचा. आई म्हणायची, हॉगन लोकांना उपाशीपोटी भांडता येत नाही.

इथं मार्च निम्मा सरला तरी बर्फ हटत नाही. तू गेल्यापासून कोणाच्या घरची, घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली की सत्तर मैलांवरून माणूस बोलवावा लागतो, आणि तो तळघरात उतरला की लोक वरून त्याला ऐकवतात, “ड्वेन असं करायचा नाही.” तो बिचारा आता तुझं नाव काढलं की चिडतो. तुझ्या जागी मृत्यूंची नोंद करायला नवीन कॉरोनर नेमलाय. कागद नीट करतो. पण परवा ओर्विलची बायको गेली, तेव्हा हा पठ्ठ्या दारातच उभा राहून मृत्यूची वेळ विचारायला लागला. तू आधी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी ठेवायचास. ओर्विल मला म्हणाला, “मार्लिस, तुझा भाऊ राजधानीत काय करून आला ते मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण तिला उचलायला तो हवा होता गं.”

या हिवाळ्यात बर्निसच्या हॉटेलात दुसरा विषयच नव्हता. सहा जानेवारीच्या दंग्यावरून माजी राष्ट्राध्यक्षांना पुन्हा निवडणूक लढवू द्यायची का, म्हणजे राष्ट्राध्यक्ष हा सरकारचा अधिकारी आहे की नाही, यावर केक संपायचा, कॉफी संपायची, वाद संपायचा नाही. टीव्हीवर एकापेक्षा एक मोठे वकील. एक म्हणे, अधिकारी म्हणजे ज्याला राष्ट्राध्यक्ष नेमतो तो, मग नेमणारा स्वतः अधिकारी कसा? दुसरा म्हणे, त्याच्या शपथेचे शब्दच वेगळे आहेत, तो घटनेचं जतन आणि रक्षण करायची शपथ घेतो, पाठिंब्याची नाही. ओर्विल ऐकत बसायचा. एकदा म्हणाला, “म्हणजे आमचा पोस्टमास्तर अधिकारी, आणि हा नाही? मग हा कोण, पाहुणा?” बर्निस म्हणाली, “पाहुणा असता तर ताट उचलून ठेवलं असतं.” सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तू होतास, कोर्टातल्या त्या बाकावर, वडिलांचा कोट घालून, बाह्या आखूड.

तुझं कॉरोनरपद काढायचा खटला चालला तेव्हा हा प्रश्न दहा मिनिटांत मिटला होता, आठवतं? तुझा वकील म्हणाला, हा भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस, कोण कधी आणि कशानं गेलं एवढं लिहून देतो, हा कसला अधिकारी? न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, लोकांनी निवडून दिलाय, शपथ दिलीय, अधिकारीच आहे. यादवी युद्धानंतरचं ते कलम त्यांनी वाचून दाखवलं. अधिकारी म्हणून घटनेची शपथ घेऊन जो पुढे बंडात सामील झाला, त्याला पुन्हा पद नाही. त्या सहा जानेवारीला तू जमावाबरोबर संसदेच्या पायऱ्यांपर्यंत गेला होतास, पोलिसांचा कठडा हलवायला हात लावला होतास, त्याची शिक्षाही भोगून आला होतास. संपलं, पद गेलं. वर मात्र त्याच शब्दासाठी महिनोन्‌महिने गेले, आणि सर्वोच्च न्यायालयानं शेवटी तो प्रश्न सोडवलाच नाही. केंद्रातल्या पदाचं राज्यांनी ठरवू नये, राज्यातल्या पदांचं ठरवावं, एवढं सांगून उठले. म्हणजे तू जिथं होतास तिथंच.

मी ते कलम इतक्या वेळा वाचलं की माझ्या क्लार्कच्या कचेरीतल्या प्रतीचं पान सैल झालंय. त्या काळी सिनेटमध्ये काय चर्चा झाली तेही शोधून काढलं. एका सभासदानं विचारलं होतं, यातून राष्ट्राध्यक्षपद कसं वगळलं? दुसऱ्यानं दाखवलं, कोणतंही पद असं लिहिलंय, पुढे वाचा. पहिला म्हणाला, चूक झाली माझी. एवढंच. मला त्या माणसाचा हेवा वाटला. भरसभेत चूक झाली म्हणाला आणि खाली बसला.

हे सगळं वाचत होते ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. तुला सुटायला एखादी फट सापडते का ते बघत होते. खरं तसं नव्हतं. शपथ म्हणजे नक्की काय, सही की शब्द, हे मला माझ्यासाठी हवं होतं. टीव्हीवरचे वकील शपथेच्या एकेका शब्दावर भांडत, आणि मला दोन हजार एकोणीसच्या जानेवारीतली ती सकाळ दिसे. तुझी कॉरोनरपदाची शपथ माझ्या कचेरीत दहा वाजता होती. तू पावणेबाराला आलास, कारण म्हाताऱ्या टोलेफसनबाई रात्री गेल्या होत्या आणि त्यांना बर्फात अडकलेल्या शेतावरून आणायचं होतं. बोटं इतकी गारठली होती की पेन धरवेना. मी कॉफीचा मग तुझ्या हातात दिला. तेवढ्यात फोन आला, हायवेवर अपघात. तू कशीबशी सही केलीस आणि दारातून म्हणालास, “म्हणायचं ते नंतर म्हणतो, मार्ल.” ते नंतर कधी झालं नाही. शपथ देणारी क्लार्क म्हणून मी मात्र शपथपत्रावर शिक्का मारला होता. त्यावर छापलेलं होतं, माझ्यासमोर उच्चारून, सही करून. खाली माझं नाव.

कोर्टात मला विचारलं, यांनी शपथ तुमच्यासमोर घेतली? मी हो म्हणाले. मग तुला विचारलं. तू आधी माझ्याकडे बघितलंस. तुझ्या वकिलाला ठाऊक नव्हतं, कोणालाच नव्हतं, फक्त आपल्या दोघांना. तू खरं बोलला असतास तर तुझं पद कदाचित वाचलं असतं आणि माझं नक्की गेलं असतं. तू म्हणालास, “हो. घेतली.” सही केली तीच शपथ असं तू मानत होतास, की मला सांभाळून घेतलंस, हे मी आजवर विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. तू रागावून गाव सोडलंस असं मी लोकांना सांगत आले. माझ्याकडे रोज बघणं तुला जड झालं असावं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

सोमवारी नऊ वाजता मी न्यायाधीशांकडे जाणार आहे. राजीनामा लिहून ठेवलाय, आणि त्या सकाळी काय घडलं त्याचा जबाबही. त्यानं तुझ्या निकालात काही फरक पडेल की नाही, मला माहीत नाही. सही पुरेशी होती असंही म्हणतील. तू तिथं गेलास ते चुकलंच, आणि मी खोटं बोलले तेही चुकलं; एकानं दुसरं फिटत नाही. मात्र तुला हे वर्तमानपत्रातून कळू नये, म्हणून हे पत्र. ते तुला बोलावतील आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतील. या वेळी माझ्याकडे बघू नकोस, ड्वेन. जे खरं असेल ते सांग.

तुझीच,
मार्लिस