लाल झेंडी आणि बिनमिठाची वाटी

१२ डिसेंबर

...शेण काढलं, गोठा झाडला, दोन घागरी आणल्या. वरण शिजलं तशी मीठ टाकायच्या आधी ह्यांची वाटी बाजूला काढली. भाकरी फडक्यात बांधली आणि रहीमभाईच्या जीपचा हॉर्न ऐकत दारात उभी राहिले. डायलिसिसचा वार. नांदेडला जायचं. अशा किती सकाळी गेल्या, त्यातली हीच का आठवली कळत नाही. विशेष काही घडलं नव्हतं. जीपमध्ये बसताना हे एवढंच म्हणाले, "गार सुटलंय, शाल घे."

आठवायचं कारण, आजही हात आपोआप गेला. वाटी काढली. हे आता नाहीत हे ध्यानात आलं, मग परत पातेल्यात ओतली.

दुपारी शेतात गेले तर बांधाजवळ लाल झेंडी रोवलेली. दिवाळीत भिंतींना लावून उरलेला चुना मी पांडवांच्या पाच दगडांना आधीच लावून ठेवलाय. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात त्यांची पूजा असते, तेव्हा घाई नको म्हणून. त्यांच्या शेजारीच झेंडी. विचारायला माणूस कुणी नव्हतं.

संध्याकाळी दिलीप भाऊजी आले. ह्यांचे चुलतभाऊ, गावचे सरपंच. "वैनी, नशीब उघडलं तुमचं. कंपनी जमिनीखाली गॅस शोधायलीय. बोअरचा पॉइंट तुमच्या शेतात निघाला."

मी म्हटलं, चहा घ्या.

१५ डिसेंबर

पारावर बैठक. गावाच्या दोन पार्ट्या झाल्या, एकाच दिवसात.

दि. भाऊजींचं म्हणणं, कंपनी आली की दवाखान्याला डॉक्टर मिळेल, दारात ॲम्ब्युलन्स उभी राहील. आपल्याकडे दवाखान्याची इमारत आहे. कुलूपही चांगलं आहे.

विरोधात माधव तात्या. आमचे शेजारी, एसटीत कंडक्टर होते. बायको गेली, मुलगा पुण्याला, एकटेच असतात. आवाज अजून बसमधलाच.

"जमिनीला भोक पाडून दवाखाना? उद्या हिरीचं पाणी खाली गेलं तर डॉक्टर काय सलाईन लावणार हाय का हिरीला?"

"तात्या, तुमचं बीपी तपासायला तरी डॉक्टर लागंल का न्हाई?"

"माझं बीपी तुझ्या भाषणानंच वाढतंय. तू गप बस, आपोआप उतरतंय."

सगळे हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेत माझं, सही माझी. मी पदर सारखा केला आणि उठून आले.

१६ डिसेंबर

झोप नीट लागली नाही. माझं माहेर किल्लारीकडचं. जमिनीला हात लावायचं कुणी म्हटलं की भूकंपाची ती पहाट आठवते. त्यात तो तुकडा पाण्याचा. तिथली विहीर ह्यांनी स्वतः उतरून खणलेली.

पण गाडी...

ह्यांना धाप लागली त्या दिवशी तालुक्याची ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेली होती. रहीमभाई उदगीरला वऱ्हाड घेऊन निघाले होते. पाव्हण्यांना रस्त्याच्या कडेला उतरवलं, हात जोडले आणि जीप आमच्या दारात आणली. त्या दिवसानंतर हे पुढचा पाडवा बघून गेले. ते दिवस रहीमभाईंनी दिले असं मी धरते.

आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्यानं. गर्दी, वास, जिन्यात झोपलेली माणसं, सगळं होतं. पण सिस्टर ह्यांना "बाबा, आज जेवलात का?" विचारल्याशिवाय सुई लावत नसे. हे मशीनवर असताना मी भिंतीवरच्या पाट्या वाचायची. आधी अक्षर लावून लावून. मग शेजारच्या बाईचं वर्तमानपत्र. मग कुणी टाकून दिलेलं पुस्तक. वाचायला मी तिथं शिकले. एवढं सगळं मिळालं, आणि गावाला एक गाडी मिळायची तर मी विहीर धरून बसू?

ठरत नाही.

२३ डिसेंबर

भाऊजी कागद घेऊन आले. म्हटलं, येळवस होऊ द्या.

"वैनी, कंपनी काय तुमच्या येळवशीसाठी थांबती व्हय?"

"गॅस एवढी वर्षं थांबला भाऊजी. आठ दिवसांनी कुठं पळतोय?"

हसले बिचारे. माणूस वाईट नाही. हे गेले तेव्हा दहाव्यापर्यंत आमच्याच ओसरीवर झोपले होते. उद्घाटनाची हौस आहे एवढंच.

जाताना म्हटलं, येळवशीला कंपनीच्या साहेबांनाही घेऊन या. तात्यांनाही सांगितलंय. भाऊजींचं तोंड वाकडं झालं. पण येळवशीचं आवतण नाही म्हणता येत नाही. कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा त्या दिवशी एकमेकांच्या शेतात जेवतात.

२९ डिसेंबर

आंबील मुरत घातली. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे सोलून बोटं हिरवी झाली. भज्जीला सगळं लागतं. रहीमभाईची बायको मदतीला आली, पहाटे परत येते म्हणाली. गप्पांत दिवस गेला. हे गेल्यापासून मी एकटीनं येळवस केलेली नाही. कुणी ना कुणी येतंच. हे लिहून ठेवावं वाटलं.

३० डिसेंबर, येळवस

दमले, पण आजचं आजच लिहिते.

कडब्याची कोप, छोटी खोपटी, उभी केली, पांडव मांडले, पूजा झाली. पंगत बसली. एका बाजूला दि. भाऊजी, समोर तात्या आणि रहीमभाई, मध्ये भज्जीचं पातेलं. कंपनीचा साहेब पोरगेलासाच, नागपूरकडचा. पहिल्यांदाच गावात आलेला. आंबील दोनदा मागून प्याला. कोपीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, या दगडांना चुना का लावलाय?"

म्हटलं, पांडव आहेत. दर वर्षी लावतो.

तो उठला. मोबाईल काढला, शेतात इकडून तिकडे फिरला, परत आला. म्हणाला, "झेंडी चुकीच्या जागी लागलीय." त्यांच्या पहिल्या माणसांनी चुना लावलेले दगड ठेवून पॉइंट दाखवला होता. मागून झेंडीवाली माणसं आली, त्यांना पांढरे दगड दिसले ते आमचे पांडव. खरा पॉइंट नाल्याच्या पलीकडे.

नाल्याच्या पलीकडे दि. भाऊजींचा ऊस.

सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. मग तात्या, "दिलीप, नशीब उघडलं की रं तुझं."

भाऊजी म्हणाले, "ऊस उभा हाय माझा." मग म्हणाले, "आणि हिरीच्या पाण्याचं काय?"

तात्यांना ठसका लागला. रहीमभाई पाठ चोळत होते आणि स्वतःच हसत होते. भाऊजीही शेवटी हसले. बाजरीचा उंडा तसाच हातात.

मलाही हसू आलं. पण मग मी साहेबाला विचारलं, डॉक्टर आणि गाडीचं काय? तो म्हणाला, "काकू, मी फक्त मोजायला येतो. गाडीचं माझ्यापर्यंत काही आलेलं नाही." भाऊजी खाली बघून म्हणाले, "मागणार होतो. पॉइंट पक्का झाल्यावर."

तेव्हा मी बोलले. चारचौघांत पहिल्यांदाच. म्हटलं, नांदेडला दोन वर्षं ह्यांचं रक्त धुतलं. तिथं मला कुणी विचारलं नाही, बाई, तुमच्या शेतात काय निघतं. बोअर पडायची तिथं पडो, नाहीतर न पडो. तुम्ही भांडत राहा. पण डॉक्टर मागायला कुणाच्या जमिनीला भोक कशाला लागतंय?

रहीमभाई म्हणाले, "भाभी, लातूरला जिल्हा परिषदेत जाऊ. जीप माझी. दोघांनाबी शेजारी बसवतो."

संध्याकाळी पिकावर आंबील शिंपडली. विहिरीवरही थोडी.

४ जानेवारी

काल लातूर. भाऊजी आणि तात्या खरंच शेजारी बसले. अर्ध्या वाटेपर्यंत गॅसवर भांडले, पुढे उसाच्या भावावर एकमत झालं.

मोठे साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांनी ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "डॉक्टरांची पदं भरायची आहेत, गावाचं नाव वर पाठवतो. पुढच्या आठवड्यात परत या." नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. परत जाऊ.

जिना उतरताना तात्यांना भोवळ आली. भाऊजींनीच धरलं, जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बीपी फार वाढलेलं. गोळ्या दिल्या, मीठ बंद सांगितलं. येताना जीपमध्ये तात्या गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करत होते. भाऊजी म्हणाले, "आता भाषण मी केलं न्हाई हां."

झेंडी अजून माझ्याच शेतात आहे. मोजणीला परत येणार म्हणतात. पॉइंट कुठे पडतो, पडतो की नाही, कुणाला माहीत नाही.

५ जानेवारी

आज वरणात मीठ टाकायच्या आधी एक वाटी बाजूला काढली, झाकली आणि तात्यांना नेऊन दिली.