मळ्याची वरची माती

॥ श्री ॥
व्हाळवाडी, ता. मालवण
सोमवार, ३० नोव्हेंबर १९५९

चि. हरिश्चंद्र यास कावेरीआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपल्या कुळाने, महादूने, व्हाळाकाठच्या मळ्यात नांगर घातला आणि कुंभाराला द्यावी अशी पिवळी चिकण वर आली. मी बांधावर घड्याळ घेऊन उभी होते, म्हणून वेळ इतकी नेमकी. कोळसा शोधायला तुमचं मशीन जिथे तीन आठवडे धडधडत होतं, त्या सबंध तुकड्यावर चिमूटभर काळी माती उरलेली नाही.

मशीन आणण्यापूर्वी माझ्या ओटीवर बसून, माझेच घावणे खात, तू सांगितलं होतंस की वरची माती आधी सोलून वेगळी ठेवू, काम झालं की होती तशी पसरू, मळ्याला कळणारसुद्धा नाही. महादू तेव्हाच म्हणत होता की बाय, भुयेची कातडी काढल्यार ती परत चिकटता काय. तुझ्या शब्दावर मी त्याला अडाणी म्हटलं. आता तो मला काहीच म्हणत नाही, ते जास्त लागतं.

वायंगणाचं, हिवाळ्यात पेरायचं भात म्हणजे त्याच्या घरची चैत्रापासून श्रावणापर्यंतची पेज. पंधरा दिवसांत पेरणी झाली नाही तर व्हाळाचं पाणी पुरत नाही. माती कुठे नेलीत?

सौ. सुभद्रेला पहिल्यांदा इकडे कधी आणतोस? मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बेळगावला होते, तोवर महादूच्या बायकोने, नर्मदेने, अंगणातलं खळं माती चोपून, सारवून नवं करून ठेवलंय. इतकं गुळगुळीत खळं आपल्या दारात कधी झालं नव्हतं. सुनेची पावलं त्यावर उमटायची आहेत.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही.
तुझी
कावेरीआत्या


॥ श्री ॥
छावणी कणकवली
गुरुवार, ३ डिसेंबर १९५९

ती. कावेरीआत्येस हरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागलेलं नाही. सुभद्रा म्हणते, माहेरी मास्तरांची छडी पाहिली होती, पण पाकिटातून येणारी पहिल्यांदाच पाहिली.

आत्ये, माती आम्ही नेलेली नाही. वहीत माझ्या हातची नोंद आहे: २४ ऑक्टोबरला वरची वीतभर माती काढून काजूखाली ढीग रचला, भोवती दगड लावले, हलवू नये अशी पाटी रोवली. भोक तळापासून सिमेंटने बुजवलं, तेही मी उभा राहून. पुढे मला कणकवलीच्या बोअरवर पाठवलं आणि उरलेलं काम मुकादमावर आलं. त्याला ढीग दिसला नाही. मालकाने आधीच पसरला असं समजून त्याने चिकण सपाट केली, काम पूर्ण असा शेरा मारला आणि १६ नोव्हेंबरला ट्रक हलवला. मी येऊन पाहिलं नाही. हा दोष माझा. ट्रकने दाबलेली चिकण कुदळीने सैल करायची, तेही राहिलं.

तू विचारायच्या आधीच सांगतो: एवढं करून कोळसा लागला तो वीतभर, आणि तोही अर्धा लाकूडच.

एक विचारू? तुझ्या दारातली ती सुरेख माती नर्मदेने कुठून आणली?

महादूकाकांना माझा नमस्कार सांग. ओटीवरची माझी जागा अजून दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.
तुझा
हरी


॥ श्री ॥
व्हाळवाडी, ता. मालवण
मंगळवार, ८ डिसेंबर १९५९

चि. हरिश्चंद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी खळ्यात खुर्ची टाकून वाचलं. शेवटचा प्रश्न वाचला, खाली पाहिलं आणि उठून ओटीवर गेले.

नर्मदेला विचारलं. ती जराही न बिचकता म्हणाली की तुळशीचं लगीन तोंडावर, खळी सगळ्यांचीच करायची, आणि देवानेच ठेवल्यासारखी मऊ, बिनखड्याची माती काजूखाली रचलेली. ती कोण सोडता? सगळ्या वाडीने पाट्या भरभरून नेली. पहिली पाटी मात्र बायच्या दारात टाकली, मान म्हणून. ती मळ्यात परत जायची हे ठाऊक असलेला महादू तेव्हा मुलीकडे बांद्याला होता आणि मी बेळगावला डोळे बांधून पडलेली. तू रोवलेली पाटीही सापडली. नर्मदेच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून आहे. हलवू नये हे तू इंग्रजीत लिहिलंस, शहाण्या! या वाडीत इंग्रजी वाचणारी एकच बाई, आणि ती गावात नव्हती. ज्यांच्या हातात पाट्या त्यांच्या भाषेत लिहावं, एवढंही कॉलेजात शिकवत नाहीत?

काल सकाळी मी कुदळ मागवली आणि पहिला घाव माझ्याच खळ्यात घातला. हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू? नर्मदा रडायला लागली, तिने तळहाताने सारवलं होतं. तिला सांगितलं की चूक तिची नाही, ढीग रचून निघून जाणाऱ्याची आहे. दुपारपर्यंत शिवाने त्याचं खळं फोडलं, मग काशीबाईने, आणि संध्याकाळी नऊ घरांची ढेकळं काजूखाली आली. महादू ती फोडत बसला आहे. तो म्हणतो, शेण मिसळलंय तेही बरंच, मळ्याच्या पोटात जाईल. आठवड्यात तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पण माती घालायची कशावर? चिकण ओट्यासारखी घट्ट आहे, नांगर नुसता वरवर ओरखडतो, बैलांना ती फुटत नाही. ती तुमच्या ट्रकने दाबली, तुम्हीच सैल करा. रविवारी चार माणसं आणि कुदळी घेऊन ये. सुभद्रेलाही आण. दारात ढेकळं आहेत, तिला पाय जपून टाकायला सांग.

येतोस की नाही, ते शुक्रवार दिनांक ११ च्या संध्याकाळच्या टपालापूर्वी तुझ्या सहीने, लेखी, आणि मराठीत कळव. शनिवारी महादू बियाणं भिजत घालणार. तिसऱ्या दिवशी त्याला मोड येतील, आणि मोड आलेलं भात कुणा साहेबाच्या सवडीसाठी थांबत नाही.

उत्तर आलं की उरलेला लोभ देईन.
तुझी
कावेरीआत्या