त्याच पानावरचा दुसरा शब्द

भाऊजींना वहिनीचा नमस्कार,

स्वेटर आणि तुमची डिक्शनरी पोचली. पार्सलवरची तिकिटं पाहून जीव हळहळला, पण पुस्तक लगेच कामी आलं.

तुमच्या दादांच्या कागदावर डॉक्टरांनी ‘रिलॅप्स’ लिहिलंय. म्हणजे बरा होत आलेला आजार पुन्हा उलटणे. मी उशाशी बसूनच बघत होते, तर म्हणाले, “काय गं, काय निघालं?”

माझं बोट खाली सरकलं. रिलॅक्स म्हणजे विसावणे. रिलीज म्हणजे सुटका. तिथे काटाच आला अंगावर. त्याखाली रिलीफ होतं. “उतार आहे म्हणे,” मी सांगितलं. देव क्षमा करो.

“बघ, तूच रडतेस उगाच,” म्हणाले आणि कपभर दूध प्यायले.

आईंचे गुडघे कसे आहेत? त्यांनाही उतारच सांगा. डॉक्टर मात्र घरचं माणूस बोलवून घ्या म्हणाले. कधी निघताय, ते उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी